धूर म्हणजे न जळलेलं सरपण: मगन चूल ते कॅटॅलिटिक शेगडी



परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या पोरांकडून हल्ली एक नवीन शब्द घरोघरी पोचलाय, कॅटॅलिटिक वूड स्टोव्ह. आत ओंडका जळतोय, खोली गरम होतेय आणि छपरावरच्या धुराड्यातून धूर मात्र दिसत नाही. असले व्हिडिओ बघून दोघातिघांनी मला विचारलं, की ही शेगडी आपल्या घरात बसवता येईल का? सिलिंडर महाग, बांधावर सरपण पडून, मग काय हरकत आहे?

"नाही" म्हणून मोकळं होता येईल. पण त्यानं काही शिकायला मिळणार नाही. बिनधुराच्या चुलीचा शोध आपल्या महाराष्ट्रातच पाऊणशे वर्षांहून जास्त काळ चाललाय. त्यात काय टिकलं आणि काय फसलं हे माहीत असलं, की नवीन वस्तूची पारख आपोआप करता येते. म्हणून आज पिकाची नोंद बाजूला ठेवून चुलीचा इतिहास.

आधी धूर म्हणजे काय ते बघू

लाकूड थेट जळत नाही. आधी त्यातलं पाणी उडतं. मग दोनशे-तीनशे अंशांच्या आसपास लाकूड फुटून वायू सुटायला लागतात. सुक्या लाकडाच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग असा वायू आणि वाफ होऊन निघून जातो. उरतो तो कोळसा, म्हणजे आपला आर. आपण ज्याला जाळ म्हणतो तो या वायूचा असतो.

हा वायू पुरता जळायला साधारण ५५० ते ६०० अंश उष्णता हवी, वेळेवर हवा हवी आणि दोन्ही नीट मिसळायला जागा हवी. तीन दगडांच्या चुलीत यातलं एकही धड मिळत नाही. वायू वर जातो, गार भांड्याच्या बुडाला लागतो, थंड होतो आणि न जळताच बाहेर पडतो. तोच धूर. भांड्याला चिकटतो ती काजळी, भिंतीला चिकटतं ते डांबर, उरलेलं चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातं. म्हणजे धूर हा आगीचा कचरा नाही, तो न जळलेलं सरपण आहे. आपण रानातून मोळी वाहून आणतो आणि तिचा मोठा भाग हवेत सोडून देतो.

पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

मुंबई कशावर शिजवायची

आज अंधेरी-मुलुंडच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण ही मुंबई लाकडावर आणि लोणारी कोळशावर वाढली. जळाऊ लाकूड ठाणे जिल्ह्याच्या जंगलातून यायचं, आधी गलबतांनी आणि मग रेल्वेनं. कोळशाच्या भट्ट्यांवर कातकरी राबायचे. गल्लोगल्ली वखारी होत्या. चाळीत शेगडी, वाडीत चूल आणि न्हाणीत तांब्याचा बंब.

बंब ही चीज हुशारीची आहे. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी, त्यामुळे उष्णता बाहेर जायच्या आधी पाण्याला मिळते. आमच्या गोराई-मनोरीच्या पट्ट्यात सोडणं, करवंट्या, झावळ्यांचे पिडे यावर बंब पेटायचा. पावसाळ्यात आजही एखाद्या पडवीत पेटतो.

मुंबईत जळाऊ वायूचे प्रयोगही जुने. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ साली मैल्यापासून वायू काढून दिवे लावले होते. आपल्या गोबरगॅसचा पूर्वज तो. सिलिंडरचा गॅस बर्मा-शेल कंपनीनं 'बर्शेन' नावानं १९५५ साली मुंबईतच पहिल्यांदा आणला. पण तो बरीच वर्षं मोजक्या घरांतच राहिला. बाकीच्यांना रेशनचं रॉकेल, आणि पाड्यांवर, वाड्यांवर चूल होतीच. बोरिवलीचं जंगल राष्ट्रीय उद्यान झालं, आरे कॉलनी १९४९ पासून दुधासाठी राखली गेली. दोन्हीकडच्या पाड्यांवर सरपणाची मोळी हा बायकांच्या दिवसाचा भागच होता.

वर्ध्याची मगन चूल

गांधीजींच्या पुढाकारानं १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत. जे. सी. कुमारप्पा तिथे कामाचा गाडा हाकत होते. तेलघाणी, हातकागद, गूळ याबरोबर तिथे चुलीवरही काम झालं आणि तिला जागेचंच नाव पडलं, मगन चूल. मातीचीच, पण जाळाची जागा बंदिस्त, पुढे ओळीनं वैल, आणि शेवटी धूर बाहेर नेणारं धुराडं. गवंडी नको, लोखंड जवळपास नको. घरच्या घरी लिंपून करता येईल अशी.

त्याच सुमाराला हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी अशाच चुलीचा पाठपुरावा केला आणि १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तक काढलं. लाखो घरांना परवडेल अशी चूल हा त्यांचा ध्यास होता.

या चुलींनी धूर घराबाहेर काढला, ही मोठी गोष्ट. पण धूर जाळला नाही, नुसता हलवला. शिवाय धुराडं चांगलं ओढायला लागलं की उष्णताही ओढून नेतं. दट्ट्या नीट सरकवला नाही, धुराडं झाडलं नाही, तर सरपण जुन्या चुलीपेक्षा जास्त लागतं. लोकांनी चूल घेतली, पण दट्ट्याचं गणित त्यांना कुणी नीट शिकवलं नाही.

सरकारी चूल आणि भाकरी

१९७३ नंतर तेल महागलं, जंगलं उजाड होताना दिसली आणि चूल हा पुन्हा सरकारी विषय झाला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 'अस्त्र ओले' नावाची तीन भांड्यांची चूल तयार झाली. आत जाळी, बंद तोंड, मोजून मापून केलेला धुराचा रस्ता. दुसरीकडे किर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकानं गुजरातच्या खेड्यात स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून त्यांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं. १९८३ साली ते आकडे छापून आले आणि चूल हा आरोग्याचाही प्रश्न ठरला.

१९८३ च्या सुमारास राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या आईनं त्यातली एखादी वापरली असेल. आता आजूबाजूला किती दिसतात? फारच थोड्या. कारणं सरळ आहेत.

पहिलं, अनुदान चूल बसवण्यावर होतं, चालण्यावर नव्हतं. उद्दिष्ट पुरं झालं की काम संपलं.

दुसरं, चूल भाकरीला विचारून केली नव्हती. भाकरी तव्यावर भाजून, मग चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करून फुगवायची असते. चुलीचं तोंड लहान केलं की आर बाहेर ओढता येत नाही. मग बाई काय करणार? फोडून तोंड मोठं करणार. तोंड मोठं झालं की हवा भरमसाट जाते आणि सगळं गणित कोलमडतं.

तिसरं, जुन्या धुराची काही कामंही होती. गवती छपराला कीड लागत नव्हती, माळ्यावरचं बियाणं टिकत होतं, डास कमी होते. धूर गेला तेव्हा ही कामं कशानं करायची हे कुणी सांगितलं नाही.

चौथं, तडा गेलेला पाइप बदलायला गावात माणूस नव्हता.

याच काळात चीनमध्येही चुलींचा मोठा कार्यक्रम झाला आणि दहा कोटींहून जास्त चुली बसल्या. तिथे बहुतेक खर्च घरवाल्यानंच केला, महत्त्वाचे भाग कारखान्यातून ठरल्या मापाचे आले, आणि बसवणारा गावातलाच कारागीर होता. पैसे दिलेल्या माणसाला चूल चालायला हवी असते. नंतर ओडिशात काही संशोधकांनी सुधारित चुली दिलेल्या घरांचा चार वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, मग दुरुस्ती आणि वापर घसरला आणि फायदा पुसला गेला.

महाराष्ट्रात पुण्याच्या 'आरती' या संस्थेनं, म्हणजे डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वेगळी वाट धरली. साच्यातून काढायची सिमेंटची 'लक्ष्मी' चूल धुराड्याची, 'भाग्यलक्ष्मी' बिनधुराड्याची. साचा असल्यानं माप चुकत नाही, आणि कुंभार किंवा गावातला होतकरू माणूस ती विकून चार पैसे मिळवू शकतो.

तिकडची गोष्ट

आता कॅटॅलिटिक शेगडीकडे. तेल महागल्यावर अमेरिकेतले लोकही घर तापवायला लाकडाकडे वळले. थंडीत शेगडीची हवा कमी करून ओंडका रात्रभर धुमसत ठेवायचा ही तिथली रीत. धुमसणारं लाकूड म्हणजे नुसता धूर. डोंगरातल्या दऱ्याखोऱ्यांची गावं धुरानं भरून जायला लागली.

तोडगा मोटारीतून आला. १९७५ पासून तिथल्या नवीन मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसायला लागला होता. त्याच्या आतली चिनी मातीची मधाच्या पोळ्यासारखी वीट कॉर्निंग कंपनीनं बनवली होती. बारीक छिद्रं, आणि त्यांच्या भिंतीवर प्लॅटिनम किंवा पॅलॅडियमचा पातळ थर. हे धातू स्वतः जळत नाहीत, पण त्यांच्या अंगावर वायू आणि प्राणवायू यांची गाठ सहज पडते. त्यामुळे जो धूर एरवी साडेपाचशे-सहाशे अंशांना पेटतो तो साधारण २६० अंशांना पेटायला लागतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हीच वीट लाकडाच्या शेगडीत आली. ओरेगॉन राज्यानं शेगड्यांच्या धुरावर आधी मर्यादा घातली. १९८८ साली देशभराचा नियम झाला आणि १९९० पासून कॅटॅलिटिक शेगडीला तासाला ४.१ ग्रॅम, बाकीच्यांना ७.५ ग्रॅमपर्यंत धुराचे कण सोडायची मुभा राहिली. २०२० पासून ती मर्यादा २ ग्रॅमवर आली.

ही वीट आपल्यालाही परकी नाही. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नवीन पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसं नसलेलं पेट्रोल पंपावर आलं. शिसं त्या थरावर बसलं की वीट निकामी होते. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर अंधेरीला सिग्नलला उभ्या असलेल्या मोटारींच्या पोटात तेच पोळं आहे.

बसवतात आणि चालवतात कशी

जाड बिडाची किंवा पोलादाची पेटी, दार घट्ट मिटणारं, सरळ उंच धुराडं. लाकडी भिंतीपासून ठरलेलं अंतर, खाली न जळणारी लादी. पोळ्याची वीट पेटीच्या वरच्या भागात, आणि तिला वळसा घालून जाणारा एक बायपास रस्ता.

पेटवताना बायपास उघडा ठेवायचा, कारण गार विटेतून धूर गेला तर छिद्रं काजळीनं बुजतात. चांगला जाळ धरला, तापमापकाचा काटा २६० अंशांपुढे गेला, की बायपास बंद करायचा. मग धूर विटेतून जातो आणि तिथेच जळतो. वीट लाल होते. त्यानंतर हवा कमी केली तरी धूर जळत राहतो. नवीन ओंडका टाकायचा तर आधी बायपास उघडायचा आणि मग दार.

पथ्यं कडक आहेत. लाकडात पाणी वीस टक्क्यांच्या खाली हवं. रंग दिलेली फळी, प्लास्टिक, रद्दीची रंगीत पानं, दगडी कोळसा, समुद्रात भिजलेलं खारट लाकूड यातलं काहीही चालत नाही, त्यानं थर मरतो. राख बसली तर थंड असताना हलक्या हातानं ब्रशनं झाडायची. एवढं सांभाळलं तर वीट दहा-बारा हजार तास चालते, मग बदलायची.

आपल्या घरात का नाही

आता तुम्हीच ताडून बघा. ती शेगडी तासन्‌तास एका लयीत जळण्यासाठी आहे. आपली चूल अर्धा तास पेटते, विझते, पुन्हा पेटते. वीट तापेपर्यंत आमटी झालेली असते. त्या शेगडीचं दार बंद असतं, आपण दर दोन मिनिटांनी काटकी सारतो. आपल्याकडे पावसात सरपण ओलं, त्यात गोवरी आणि तिची रग्गड राख. समुद्रकाठच्या माणसानं तर वाहून आलेलं लाकूड टाकायचंच नाही. आणि मुंबईत घर तापवायचं कुणाला आहे?

पण त्यामागचं तत्त्व आपलं आहे. धूर बाहेर घालवू नका, जाळा. त्यासाठी प्लॅटिनमच लागतं असं नाही. तिकडेही आज बिनविटेच्या शेगड्या आहेत. वरच्या अंगानं तापलेली हवा सोडून त्या धूर पेटवतात. आपल्याकडच्या पंख्याच्या शेगड्यांत तेच होतं. २००९ साली केंद्रानं बायोमास चुलींचा नवा उपक्रम काढला आणि पुढे आयएस १३१५२ हे मानक २०१३ साली सुधारलं. त्यात साध्या ओढीच्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के हवी असं ठरलं. चूल घेताना दुकानदाराला हा आकडा विचारा.

हिशेब करून बघू. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून, शेगडी साठ टक्के कामाची धरली, तर साधारण ९३,००० किलोकॅलरी भांड्याला मिळतात. हवेवर सुकलेल्या लाकडात किलोला ३,८०० धरा. तीन दगडांची चूल दहा टक्के देते, म्हणजे एका सिलिंडरला जवळपास २४५ किलो लाकूड. २५ टक्क्यांच्या चुलीला १०० किलोच्या आत भागतं. दीडशे किलोचा फरक डोक्यावरून कोण वाहतं हे सांगायला नको.

पाचट आणि पेलेट

शेतकऱ्याच्या कामाच्या दोन गोष्टी राहिल्या. ऊस तुटल्यावर पाचट पेटवून द्यायचं ही आपली खोड. 'आरती'नं पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडायची रीत बसवली आणि २००२ साली तिला इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्या कांड्यांवर चालणाऱ्या त्यांच्या 'सराई' कुकरमध्ये शंभर-दीडशे ग्रॅमवर चार-पाच माणसांचा वरणभात शिजतो. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. कोळशाला धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड असतो. तो दिसत नाही, वास येत नाही, आणि बंद खोलीत माणूस झोपेतच जातो. कोळशाची शेगडी पडवीत किंवा दोन्हीकडून वारा वाहणाऱ्या जागेतच.

दुसरी 'ऊर्जा' शेगडी. विज्ञान संस्थेच्या तंत्रावर, छोटा पंखा, आणि शेतकचऱ्याच्या पेलेटवर चालणारी. महाराष्ट्र-कर्नाटकात ती लाखांच्या घरात खपली. मग कचऱ्याला इतर गिऱ्हाईक मिळालं, पेलेट महागलं आणि घरगुती धंदा आखडला. शेगडी चांगली होती. पण जळण दुसऱ्याच्या हातात असेल तर चूलही त्याच्याच हातात जाते. ज्याचं सरपण घरचं, त्याचीच चूल टिकते.

आजची वेळ

२०१६ पासून उज्ज्वला योजनेनं गॅस घरोघरी नेला. चांगलं झालं. पण दुसरा सिलिंडर भरताना हात आखडतो आणि पाणी तापवायला, जनावरांचं खाणं शिजवायला, भाकरीला चूल राहतेच. दुसरीकडे ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. म्हणजे पावाच्या भट्टीच्या धुराचा हिशेब कोर्टात झाला. घरातल्या चुलीच्या धुराचा हिशेब कुणी मागत नाही, तो आपणच ठेवायचा.

म्हणून शेगडी विलायती घ्यायची की देशी हा प्रश्न नंतर. आधी चार गोष्टी, यातल्या पहिल्या दोनला खर्च जवळपास नाही. सरपण पावसाआधी फोडून, जमिनीपासून उचलून, छपराखाली रचा. जाड ओंडक्यापेक्षा मनगटाएवढे तुकडे करा. धुराडं असेल तर महिन्याला झाडा. आणि नवीन चूल घ्यायची ठरली, तर जी बाई तिच्यापुढे बसणार आहे तिला दुकानात सोबत न्या, भाकरी होईल का ते तिनं सांगू दे. साडेतीन कोटी चुलींच्या वेळी हाच प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

तुमच्याकडे जुनी लक्ष्मी चूल, अस्त्र ओले किंवा सरकारी बिनधुराची चूल अजून पेटत असेल, तर फोटो टाका. कोणत्या साली बसली, काय काय दुरुस्त केलं, सरपण कुठलं, एवढं लिहा. टिकलेल्या चुलीकडून शिकण्यासारखं जास्त आहे.